आकडा नसला तरी मतदान होऊ द्या

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. एक, विरोधकांकडे आकडा नसताना अविश्वास ठराव आणणं म्हणजे सभागृहाचा वेळ घालवणं नाही का? दुसरी, 29 जून 2022 ला उद्धव ठाकरेंनी राजीनामा दिला नसता तरी दुसऱ्या दिवशी ते हरलेच असते, मग बिघडलं काय? यावर आलेली उत्तरं सरळ दोन तटांत पडलीत, ‘गद्दार’ म्हणणारे इकडे आणि ‘घरात बसलेलं सरकार’ म्हणणारे तिकडे. मला दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी 2022 चं. 21 जूनला एकनाथ शिंदे आमदार घेऊन सुरतेत असल्याचं कळलं, तिथून ते गुवाहाटीला गेले. आठवडाभर आपण सगळे हॉटेलच्या फाटकावरचे कॅमेरे बघत होतो. मग देवेंद्र फडणवीस राज्यपालांना भेटले, सात आमदारांचीही पत्रं गेली आणि 30 जूनला बहुमत सिद्ध करा असा आदेश निघाला. 29 च्या रात्री सुप्रीम कोर्टाने स्थगिती नाकारली. थोड्याच वेळात ठाकरेंनी फेसबुक लाइव्हवर राजीनामा जाहीर केला.

11 मे 2023 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा निकाल आला. त्यातला आपापल्या सोयीचा अर्धाच भाग लोक अजून पुढे पाठवत असतात. निकाल म्हणतो की राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं चूक होतं. पक्षातली भांडणं मिटवण्याचं हत्यार म्हणून ती वापरता येत नाही. आणि तोच निकाल म्हणतो की ठाकरेंनी चाचणीला सामोरं न जाता स्वतःहून राजीनामा दिला, त्यामुळे त्यांचं सरकार परत आणता येणार नाही.

पण माझ्या मते त्यातलं खरं मोलाचं वाक्य तिसरंच आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. कोर्टाने म्हटलंय की फडणवीस आणि ते सात आमदार अविश्वास ठराव आणू शकले असते, त्यांना कुणी अडवलं नव्हतं.

हे नीट समजून घ्या. सरकारवर विश्वास उरला नाही असं वाटत असेल, तर आमदारासाठी राजरस्ता सभागृहातून जातो. नोटीस द्यायची, ठराव मांडायचा, का मांडला ते नाव-गाव घेऊन सांगायचं, समोरच्याचं ऐकायचं आणि हात वर करायचा. राजभवनात पत्र दिलं की यातलं काहीच करावं लागत नाही. तो रस्ता विरोधकांनी टाळला आणि मतदान मुख्यमंत्र्यांनी टाळलं. त्यामुळे महाविकास आघाडीचं सरकार का पडलं याची चर्चा सरकार असताना विधानसभेत झालीच नाही. झालं ते सगळं टीव्हीवर.

‘हरलेच असते’ हे खरं आहे. पण 30 जूनला मतदान झालं असतं, तर तेव्हा शिवसेनेचे प्रतोद, म्हणजे कसं मत द्यायचं याचा पक्षाचा आदेश (व्हिप) काढणारे, सुनील प्रभू होते. शिंदे गटाच्या भरत गोगावले यांना नव्या अध्यक्षांनी प्रतोद म्हणून मान्यता दिली ती 3 जुलैला, आणि कोर्टाने पुढे तीही बेकायदा ठरवली. म्हणजे 30 तारखेला कोणी व्हिप मोडला हे विधानसभेच्या कामकाजात नावानिशी उतरलं असतं आणि अपात्रतेचा सगळा वाद त्या कागदावर उभा राहिला असता. हरूनही केवढं हातात आलं असतं! मी तेव्हा ठाकरेंच्या बाजूचा होतो, आजही आहे, आणि तरी सांगतो की त्या रात्रीचा राजीनामा ही घोडचूक होती.

पुढचंही लक्षात ठेवा. 3 जुलैला अध्यक्षपदाच्या निवडणुकीत शिंदे-भाजपच्या राहुल नार्वेकरांना 164, आघाडीच्या राजन साळवींना 107. दुसऱ्या दिवशी शिंदे सरकारच्या विश्वासदर्शक ठरावाला बाजूने 164, विरोधात 99. एका रात्रीत आठ मतं कमी! काँग्रेसचे काही आमदार उशिरा पोहोचले तेव्हा सभागृहाची दारं बंद झाली होती. शिरगणतीच्या दिवशी वेळेवर येता येत नसेल, तर लोकांनी निवडून दिलं कशासाठी? मला त्याचा आजही संताप येतो.

आता आकडा नसतानाच्या ठरावाबद्दल. लोकसभेत पन्नास सदस्य उभे राहिले की ठराव दाखल होतो. जिंकायला अडीचशेच्या वर लागतात आणि दाखल करायला पन्नास, यातच त्याचा हेतू दिसतो. ऑगस्ट 1963 मध्ये आचार्य कृपलानींनी नेहरू सरकारविरुद्ध लोकसभेतला पहिला अविश्वास ठराव आणला. बाजूने 62, विरोधात 347. निकाल आधीच ठाऊक होता. पण चीनच्या युद्धात जे झालं त्याची उत्तरं चार दिवस सभागृहात मागितली गेली, आणि अशा परीक्षा अधूनमधून व्हाव्यात असं खुद्द नेहरू म्हणाले. 1979 मध्ये तर यशवंतराव चव्हाणांच्या ठरावावर मतदान होण्याआधीच पंतप्रधान मोरारजी देसाईंनी राजीनामा दिला.

2023 च्या ऑगस्टमधला ठराव मणिपूरसाठी होता. पंतप्रधानांनी सभागृहात येऊन बोलावं म्हणून तो आणला, तेवढं साधलं. पण पंतप्रधानांचं भाषण चालू असतानाच विरोधकांनी सभात्याग केला आणि ठराव आवाजी मतदानाने फेटाळला गेला. कोण कुठल्या बाजूला होतं याची नोंदच नाही. ठराव तुमचाच होता ना, मग मत द्यायला थांबायला नको? आणि 20 जुलै 2018 ला 126 विरुद्ध 325 असं मतदान झालं, तेव्हा केंद्रात सत्तेत असलेली शिवसेना मतदानाला फिरकली नाही, हेही आपल्या बाजूच्यांनी आठवावं.

हा हट्ट मला कुठून लागला ते सांगतो. पंधराएक वर्षांपूर्वी मी आमच्या नऊ जणांच्या ग्रामपंचायतीत सदस्य होतो. सरपंचावर अविश्वास ठराव आला, मंजूर व्हायला सहा मतं लागत होती. विरोधी गटाचे सहाही जण आठ दिवस ‘सहलीला’ होते, मोबाइल बंद. सभेच्या दिवशी ट्रॅव्हल्सची गाडी थेट पंचायतीच्या पायऱ्यांना लागली. लोकांनी सरपंचाला सांगितलं होतं, ‘राजीनामा टाका आणि मोकळे व्हा.’ ते ऐकले नाहीत. धुतलेला सदरा घालून आले, तहसीलदारांसमोर बसले आणि पाणीयोजनेचा सगळा हिशेब वाचून दाखवला. मग हात वर करायला सांगितलं. पाच हात झटक्यात वर गेले. सहावा सदस्य सरपंचाचा चुलतभाऊ होता. त्याचा हात कोपरापर्यंत आला, तिथेच थांबला आणि तो फरशीकडे बघत राहिला. तहसीलदारांनी दोनदा विचारलं, ‘हात वर आहे का खाली?’ शेवटी तो वर गेला.

सरपंच हरले. पण तो हिशेब इतिवृत्तात आला आणि सहा नावंही आली. पुढच्या निवडणुकीत त्या सहाही जणांना घरोघर एकच प्रश्न ऐकावा लागला: हिशेबात काय चुकलं होतं ते सांगा.