टर्कीसाठी चोक घेताना

वसंतातला टर्की पक्ष्याच्या शिकारीचा पहिलाच सीझन म्हणून दुकानातला सगळ्यात घट्ट चोक (छर्ऱ्याच्या बंदुकीच्या नळीचं तोंड अरुंद करणारी नळकांडी) उचलू नकोस. नेम डोक्या-मानेवर धरायचा, म्हणून छर्रे एकवटलेले हवेत, हे खरं. १२ गेज मापाच्या बंदुकीच्या नळीचा आतला व्यास साधारण ०.७२९ इंच, फुल चोक तो ०.६९५ च्या आसपास आणतो, खास टर्कीचे चोक ०.६६० किंवा त्याहून खाली. पण फार आवळलं की शिशाचे छर्रे चेपतात आणि पॅटर्न, म्हणजे छर्ऱ्यांचा पसारा, उलट विस्कटतो.

कुणाची बंदूक काय करते हे कागदच सांगतो. शिकारीला नेणार तेच काडतूस घे, ४० यार्डांवर मोठा कागद लाव, दाट जागेभोवती १० इंचांचं वर्तुळ काढ आणि भोकं मोज. शंभरच्या आसपास भरली तर उत्तम. मग २० यार्डांवरही मार. हे नवखे हमखास टाळतात, आणि नर तर बऱ्याचदा तेवढ्या जवळ येतो. तिथे छर्रे मुठीएवढ्या जागेत जात असतील तर मान जराशी हलली तरी नेम हुकतो. घनदाट झाडीत बसणार असशील तर साधा फुल चोकच घे, असं माझं स्पष्ट मत.

टंगस्टनचे छर्रे शिशापेक्षा बरेच जड आणि टणक. त्यांना तुझा चोक चालतो का, हे चोक बनवणाऱ्याच्या सूचनेत बघ. पोलादी छर्रे मात्र अतिघट्ट चोकमधून मारू नकोस.

आणि चोक घट्ट बसलाय का, हे बंदूक रिकामी करूनच तपास.