स्टेरॉइड चालू आहे आणि लिव्हरचा रिपोर्ट वाढलाय

हल्ली हाच प्रश्न शब्द बदलून पुन्हा पुन्हा येतो, म्हणून आज एकत्र उत्तरं देते.

आमच्या लॅब्राडोरला खाजेसाठी दीड महिना प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी चालू आहे. रक्ताच्या रिपोर्टमध्ये एएलपी (लिव्हरच्या तपासणीतलं एक एन्झाइम) 1,100 आलं, सोनोग्राफीत लिव्हर मोठं दिसलं. ओळखीचे म्हणतात, गोळ्या आजच बंद करा. करू का?

अजिबात नाही. स्टेरॉइड मिळालं की कुत्र्याचं यकृत अल्कलाइन फॉस्फेटेजचा, म्हणजेच एएलपीचा, एक खास प्रकार बनवू लागतं. नुसता तो आकडा चढला म्हणजे लिव्हर निकामी झालं असं होत नाही. यकृत मोठं होतं ते पेशींत ग्लायकोजेन (साखरेचा साठा) साठल्यामुळे. डोस उतरला की बहुधा तेही उतरतं, पण आठवडे-महिने लागतात.

मला धास्ती आहे ती मूत्रपिंडांजवळच्या अॅड्रिनल ग्रंथींची. बाहेरून आयतं स्टेरॉइड मिळत राहिलं की मेंदूकडून त्यांना येणारा निरोप बंद होतो आणि त्या आक्रसतात. म्हणजे एकाच गोळीनं यकृत वाढतं आणि ग्रंथी सुकतात. गोळी अचानक तोडली तर शरीराकडे स्वतःचं स्टेरॉइड उरत नाही. असं एक कुत्रं माझ्या टेबलावर आलं होतं. उलट्यांनी गळालेलं, मान उचलेना, सलाइनला शीर सापडेना. घरच्यांनी रिपोर्ट बघून चार दिवसांपूर्वी गोळ्या कचऱ्यात टाकल्या होत्या. डोस टप्प्याटप्प्यानंच उतरवायचा, आणि तोही तुमच्या डॉक्टरांनी ठरवून. कुत्रं जेवत नसेल, डोळे पिवळे दिसत असतील किंवा शी काळी होत असेल, तर आजच दाखवा.

मांजरालाही हेच लागू का?

नाही. मांजरात एएलपीचा हा प्रकार बनत नाही. आकडा वाढला तर स्टेरॉइडवर ढकलू नका, लगेच तपासून घ्या.

दुकानदारानं लिव्हर टॉनिक दिलंय. चालेल?

टॉनिकनं स्टेरॉइडचा परिणाम पुसला जात नाही. बाटली विकली जाते आणि तपासणी लांबते, एवढंच.

आम्ही गोळी देत नाही, फक्त मेडिकलमधलं खाजेचं मलम लावतो. तरी एएलपी वाढलंय.

ट्यूब घेऊन डॉक्टरांकडे जा. अशा बऱ्याच मलमांत बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल असतं, म्हणजे स्टेरॉइडच. ते कातडीतून शोषलं जातं, शिवाय कुत्रं चाटतं ते वेगळंच. कानाच्या थेंबांचंही तेच.

गाय सात महिन्यांची गाभण आहे. सुजेवर घरात उरलेलं डेक्सामेथासोन (स्टेरॉइडचं इंजेक्शन) टोचू का?

नको, गाभडेल. डॉक्टरांना बोलवा.