गोर्मलाथ एक नाही, तीन आहेत (आणि नवऱ्यावरून शोधू नका)

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की मध्ययुगीन आयर्लंडच्या राण्यांवर लेख लिहिताय, गोर्मलाथ राणी एका ठिकाणी ९४८ साली मेलेली दिसते, दुसरीकडे १०३० साली, आणि 'तीन नवरे' मात्र दोन्हीकडे आहेत, पण नावं वेगळी. तर यातलं खरं काय? शिवाय नवरे इतके का, हस्तलिखिताच्या पानाचा फोटो मागवावा का, हेही विचारलंय आणि तुमचा तक्ता जोडलाय. वाचून मला हसू आलं आणि थोडं पोटातही ढवळलं. याच खड्ड्यात मी पडलेय, तेही छापील.

आधीच सांगते, मी इतिहासाची प्राध्यापक वगैरे नाही. लिमरिकला राहते, नोकरी भलतीच आहे, जुनं आयरिश कोश शेजारी ठेवून जेमतेम वाचता येतं. ब्रायन बोरू म्हणजे आयर्लंडचा तो बडा राजा, १०१४ साली डब्लिनजवळच्या क्लॉनटार्फच्या लढाईत मारला गेला, एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते.

माझं असं झालं. एका दिवाळी अंकासाठी लेख लिहिला. फ्लान सिना या ताराच्या राजाची (तारा म्हणजे आयर्लंडच्या सर्वोच्च राजाचं पीठ) लेक गोर्मलाथ. परंपरा सांगते की तिचं पहिलं लग्न कॅशेलचा, म्हणजे मन्स्टर प्रांताचा, राजा आणि बिशप कॉर्मक याच्याशी, मग लेन्स्टर प्रांताचा राजा केर्वाल याच्याशी, मग निअल ग्लूनदुवशी. ९०८, ९०९, ९१९ असे तिघेही गेले. तिच्या नावावर विरहाच्या कविता आहेत, शेवटी ती भीक मागत फिरली अशी कथा आहे. दुसरीकडे लेन्स्टरची गोर्मलाथ, तिथल्या राजा मुरखदची लेक: डब्लिनचा राजा ओलाफ याची बायको, सिट्रिकची आई, मग ब्रायन बोरूची बायको, आणि क्लॉनटार्फची आग लावणारी म्हणून बदनाम. मी काय करावं? दोघींची एक केली. 'विरहिणी कवयित्री पुढे कारस्थानी झाली' असं एक वाक्यही होतं त्यात, ते आठवलं की अजून कानशिलं तापतात.

तुम्ही म्हणाल, ९४८ साली मेल्याची नोंद दिसली नाही का? दिसली ना! पण मी अर्धवट शहाणी होते. अल्स्टरच्या बखरीतले, म्हणजे आयर्लंडच्या एका सालवार नोंदवहीतले, सालाचे आकडे १०१३ पर्यंत एका वर्षाने मागे आहेत, हे मी नुकतंच वाचलं होतं. म्हणजे हस्तलिखितात ९४७ असेल तर ते ९४८ समजायचं. तेवढ्यावर मी ठरवून टाकलं की या बखरीचं काही खरं नाही, ९४८ ही लेखनिकाची चूक. एका वर्षाच्या फरकाचा आधार घेऊन ८२ वर्षं गिळली.

अंक निघाल्यावर तीन आठवड्यांनी संपादकांकडून एक पोस्टकार्ड पुढे आलं. साताऱ्याकडचे कुणी वाचक. मायना, खाली चार ओळी: कॉर्मक ९०८ साली वारला असे आपणच लिहिता. त्याची विधवा तेव्हा पंधरा वर्षांची धरली तरी क्लॉनटार्फच्या वेळी, म्हणजे १०१४ साली, बाईंचे वय १२१ भरते. कृपया खुलासा व्हावा. बस. त्यांना आयर्लंडचं काहीही माहीत नव्हतं, फक्त वजाबाकी येत होती. ते कार्ड अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

आता मुद्द्याचं. आपल्याला सवय काय, तर बाई म्हटली की 'कोणाची बायको?' विचारायची. आपली नावंच तशी, लग्न झालं की मधलं नाव बदललं. तिकडे ते उलटं होतं. लग्न कितीही होवोत, बाई बापाच्याच नावाने ओळखली जायची. बखरीत 'इंगेन' हा शब्द बघा, म्हणजे लेक. 'गोर्मलाथ इंगेन फ्लान' आणि 'गोर्मलाथ इंगेन मुरखद' असं दिसलं की भांडण तिथेच मिटतं. नवऱ्यावरून शोधायला गेलात तर आणखी फसाल, कारण एक तिसरी आहे: दोनखदची लेक गोर्मलाथ, ८६१ साली वारली, बखर तिला लॅटिनमध्ये 'अतिशय मनोहर राणी' म्हणते. तिचा नवरा निअल. आणि फ्लानच्या गोर्मलाथचा नवराही निअल, या पहिल्या निअलचा नातू! आता 'निअलची बायको गोर्मलाथ' असं टिपण करून ठेवा आणि सहा महिन्यांनी उघडा.

नवरे इतके का, हा तुमचा दुसरा प्रश्न. कायद्यातच सोय होती. ७०० च्या सुमाराचा 'कान लानम्ना' नावाचा जोडप्यांचा कायदा आहे, त्यात संबंधांचे प्रकारच पाडलेत, आणि सगळी भानगड मालमत्तेची आहे: गुरंढोरं दोघांनी आणली, नवऱ्याने आणली की बायकोने. घटस्फोट होता, थोरली बायको होती, सवत होती. इंग्लंडमधल्या कँटरबरीचे आर्चबिशप लॅनफ्रँक यांनी १०७० च्या दशकात मन्स्टरच्या राजाला यावरून खरमरीत पत्रही धाडलं होतं. त्यामुळे 'तीन नवरे केले म्हणजे चवचाल' असला सूर लावू नका. मी लावला होता.

तशीच दुसरी गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. मुरखदच्या गोर्मलाथची ती प्रसिद्ध कथा: भाऊ मेल मोर्दा ब्रायनकडे डोलकाठ्यांची लाकडं घेऊन येतो, वाटेत खांदा देताना त्याच्या रेशमी अंगरख्याचं चांदीचं बटण तुटतं, अंगरखा ब्रायननेच दिलेला. तो बहिणीला म्हणतो टाका घालून दे. ती अंगरखा चुलीत फेकते आणि म्हणते, आपल्या बापाने कुणाची ताबेदारी केली नाही, तू करतोस? वाचायला झकास. पण हे लिहिलंय कधी, तर बाराव्या शतकात, ब्रायनचा पणतू मुरखेर्तख याच्या घराण्याची आरती ओवाळायला. आणि हा पणतू गोर्मलाथच्या वंशातला नाही! तो ब्रायनच्या दुसऱ्या बायकोच्या, एखरदच्या मुलाचा, ताइगचा नातू. ताइगला १०२३ साली मारवलं कोणी, तर गोर्मलाथच्या ब्रायनपासूनच्या मुलाने, दोनखदने (८६१ वालीचा बाप दोनखद वेगळा). म्हणजे आपण जी कथा 'इतिहास' म्हणून वाचतो ती सवतीच्या घरात लिहिलेली आहे. आपल्याकडे हे समजावून सांगायची गरज पडू नये.

'गोर्मलाथच्या तीन उड्या' (डब्लिन, तारा, कॅशेल) हा श्लोकही जपून वापरा. ताराची उडी म्हणजे ताराचा राजा मेल शेखनल याच्याशी लग्न असं समजतात, आणि त्यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मी आता 'असं एक जुनं कडवं म्हणतं' एवढंच लिहिते. ओलाफ आणि ब्रायन पक्के. शिवाय ब्रायनने आपली मुलगी स्लानी सिट्रिकला दिली, म्हणजे सिट्रिकचा सावत्र बाप आणि सासरा एकच. तक्ता काढताना याला दोन रंग वापरा.

फोटोबद्दल विचारलंत म्हणून. मी चूक सुधारायला हस्तलिखिताच्या पानाचा फोटो एका कार्यालयातून मागवला. नाव घेत नाही. अर्जात साल लिहायचा एकच रकाना. मी ९४८ लिहिलं, त्यांनी हस्तलिखितावरचा आकडा धरून पुढचं पान पाठवलं. मी कळवलं, तर उत्तर आलं की अर्जाप्रमाणे सेवा पुरवलेली आहे. पुन्हा फी भरा. फोन केला तर बाईंनी आधी माझं मधलं नाव नवऱ्याचं का, हेच पाच मिनिटं विचारलं. पैसे गेले ते गेलेच. तुम्ही अर्ज कराल तर सालाऐवजी पान क्रमांक आणि नोंदीचे पहिले दोन शब्द द्या. खरं तर फोटो लागतोच कशाला? कॉर्क विद्यापीठाच्या 'सेल्ट' या संग्रहात बखरींचा मजकूर भाषांतरासह फुकट आहे. शोधताना 'गोर्मलाथ' आणि 'गोर्मफ्लाथ' दोन्ही रूपं टाका. आइसलँडच्या कथांत ती 'कोर्मलोद' होते.

'बानशेनखस' म्हणजे बायकांची वंशावळ, तिची पद्य आवृत्ती ११४७ ची, त्यात बाप, नवरा, मुलं सगळं एकत्र मिळतं. मोह होतो. पण ती नंतरची आहे, म्हणून समकालीन नोंदीशी ताडून मगच घ्या. माझं मत आहे हां, कुणी जाणकार असतील तर खोडून काढावं.

उच्चारावर डोकं घालवू नका. शेवटचा 'थ' आजच्या आयरिशमध्ये ऐकूच येत नाही, तरी मी लिहिते, कारण एकदा लिहायला लागले होते.

तुमच्या तक्त्यात 'नवरा' हा पहिला रकाना आहे असं दिसतंय. तो चौथा करा, पहिल्यात बाप टाका, दुसऱ्यात मृत्यूचं साल, तिसऱ्यात मुलं. मग इथे फोटो टाका, मी रविवारी बघते.