डेरिवेटिव्ह म्हणजे पुढच्या किलोचा खर्च
भावा, डेरिवेटिव्ह म्हणजे माल जरासा वाढवला की खर्च कुठल्या दरानं वाढतोय ते, आधी त्याचं युनिट बघ की, रुपये भागिले किलो. समज बेळगावात आपलं कुंद्याचं दुकान आहे, क्ष किलोचा रोजचा खर्च २००० + २५०क्ष + ०.५क्ष², डेरिवेटिव्ह २५० + क्ष, म्हणजे १०० किलोला ३५०. हा एकूण खर्च नव्हे (मी पेपरात तसंच लिहून मार्क घालवलेत), पुढचा एक किलो साधारण ३५० ला पडतो, नेमका हिशेब ३५०.५०, तेवढं चालतंय. सरासरी मात्र किलोला ३२०. आता गिऱ्हाईक ३४० नं अजून एक किलो मागतंय, सरासरी बघून हो म्हणालास की दहा रुपये गेले, कारण जादा दूध महाग पडतंय नि आचाऱ्याला ओव्हरटाइम. ते २००० भाडं डेरिवेटिव्हमध्ये येतच नाही, कुंदा केला काय नि नाही केला काय, मालक घेणारच.