मंडळीच्या (चर्चच्या) पाळकांना प्रश्न विचारला तर देवाची आज्ञा मोडते का?
अजिबात नाही. पुढाऱ्यांच्या आज्ञेत राहा, हे बायबलमधलं वचन (इब्री १३:१७) दाखवून लोकांना गप्प केलं जातं. पण पुढाऱ्यांनाही हिशेब द्यायचा आहे, हे त्याच वचनात आहे. तेवढं मात्र कोणी मोठ्याने वाचत नाही!

येशूचा प्रेषित पेत्र मंडळीच्या वडिलांना, म्हणजे पुढाऱ्यांना, बजावतो की कळपावर धनीपण गाजवू नका (१ पेत्र ५:३). हाच पेत्र अंत्युखियात विदेशी, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांच्या पंगतीला बसायचा. यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची यहुदी माणसं आली तसा घाबरून बाजूला झाला. प्रेषित पौलाने त्याला सगळ्यांदेखत, तोंडावर सुनावलं (गलती २:११-१४).

आरोपच करायचा असेल तर १ तीमथ्य ५:१९ दोन-तीन साक्षीदार मागतं. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर कुजबुज नको. जमाखर्चाबद्दल शंका असेल तर आधी पाळकांना भेटा, मग मंडळीच्या सभेत उभं राहून विचारा.