होडीवरचा डेप्थ साउंडर (आवाजाने पाण्याची खोली मोजणारं मशीन) चालताना कोरा होतो आणि थांबल्यावर 0.7 मीटरवर अडकतो. मशीन बदलावं का?

तापीवरच्या हतनूर धरणाच्या फुगवट्यात फायबरची होडी, मागे आउटबोर्ड इंजिन, 12 व्होल्टची बॅटरी, ट्रान्सड्युसर (पाण्यात आवाज सोडून परतलेला ऐकणारा भाग) मागच्या फळीला ठोकलेला. होडी पळाली की आकड्याऐवजी नुसत्या रेघा, थांबली की चार मीटर पाण्यातही 0.7, असं तुम्ही लिहिलंय. मला ही दोन वेगळी दुखणी वाटतात. मशीन बदलायची घाई नको. बहुतेक वेळा स्क्रीन धडधाकट असते, घोळ ट्रान्सड्युसर, वायर नाहीतर बॅटरीत असतो.

आधी इंजिन बंद करून संथ पाण्यात थांबा. दोरीला दर अर्ध्या मीटरवर गाठ मारा, खाली जाड लोखंडी चकती बांधा. गोल दगड नको, तो गाळात रुततो आणि खोली जास्त भरते. दोरी तळापर्यंत सोडून खोली मोजा आणि हा आकडा स्क्रीनशी ताडून पाहा. मग त्याच जागी इंजिन न्यूट्रलला चालू करा. तिथेच आकडा बिघडला तर दोष विजेचा. न्यूट्रलला ठीक आणि वेगातच बिघडत असेल तर दोष बुडबुड्यांचा, कारण हवेचा थर आला की आवाज तिथूनच परततो.

बुडबुड्यांसाठी ट्रान्सड्युसरची जागा बदलावी लागते. त्याचा तळ होडीच्या तळापेक्षा साधारण 3 मिलिमीटर खाली हवा, मागची कड किंचित खाली झुकलेली हवी. इंजिनच्या पंख्यापासून निदान 40 सेंटिमीटर लांब, आणि पंख्याचं पातं ज्या बाजूला वरून खाली येतं त्या बाजूला लावा. त्याच्या पुढे तळाला पट्टी, स्क्रू किंवा रिव्हेट नको.

विजेचा दोष असेल तर मल्टिमीटर मशीनच्या मागच्या पिनांवर लावून सेल्फ मारा. बॅटरीच्या टोकांवर मोजून फायदा नाही, कारण मधल्या वायरीत किती व्होल्ट पडतो ते तिथे कळत नाही. व्होल्टेज 10 च्या खाली जात असेल तर मशीन बंद पडणार किंवा भलतंच दाखवणार. मशीनची वायर सरळ बॅटरीला न्या, मध्ये मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या अँपिअरचाच फ्यूज टाका. ट्रान्सड्युसरची केबल इंजिनच्या वायरींच्या जुडीत बांधलेली असेल तर आधी ती सोडवा. आपल्याकडे मे महिन्यात बॅटरीचं पाणी भराभर आटतं, तेही बघा. कडक उन्हात स्क्रीन काळवंडली तर घाबरू नका, सावलीत गार झाली की बहुधा परत दिसते.

आता 0.7 चा प्रश्न. आकडा खोलीबरोबर हलतच नसेल तर मशीन तळ बघत नाहीये, पृष्ठभागाजवळचा स्वतःचाच गोंधळ ऐकतंय. सेन्सिटिव्हिटी (परतीचा आवाज किती बारीक ऐकायचा ती सेटिंग) ऑटोवरून मॅन्युअलवर आणा आणि हळूहळू कमी करा. ट्रान्सड्युसरच्या तोंडावर शेवाळ असेल तर साबणाच्या पाण्याने मऊ फडक्याने धुवा. थिनर किंवा ॲसिटोन लावलंत तर प्लास्टिक गेलंच समजा. मग कनेक्टर काढून पाहा. पिनांवर हिरवा थर असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पूर्ण सुकवा. स्क्रीनवर पाण्याचं तापमानही अचाट दिसत असेल तर केबल किंवा कनेक्टरवरचा संशय आणखी बळावतो.

हतनूरला एक गोष्ट वेगळी धरा: गाळ. चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम होतो आणि खालच्या फुगवट्यात गाळ साचत राहतो. मऊ गाळावर 200 किलोहर्ट्झचा आवाज वरच्या थरावरूनच परततो, तर 50 चा बराच आत शिरतो. म्हणून दोन फ्रिक्वेन्सींत दोन आकडे आले तरी मशीन बिघडलं असं नाही. गोडं-खारं पाणी ही सेटिंगही बघून घ्या, पण तिचा फरक पाच मीटरला दहा-पंधरा सेंटिमीटरच पडतो, तीन मीटर नाही.

एवढं करूनही 0.7 हटलं नाही तर फक्त ट्रान्सड्युसर बदला. नवा घेताना फ्रिक्वेन्सी आणि पिनांची संख्या मशीनशी जुळवा. केबल जास्त झाली तर कापू नका, मोठं वेटोळं करून फळीच्या आतल्या बाजूला बांधा.