त्या रात्री व्हाइट हाउसमध्ये निर्णय कोणी घेतला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: "अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष कितीही लहरी निघाला तरी यंत्रणा देश सांभाळून नेते, असं म्हणतात. ही यंत्रणा म्हणजे नक्की कोण?"

आजच्या बातम्यांवरून याचं उत्तर द्यायच्या फंदात मी पडत नाही. आजचे कागद अजून कुलपात आहेत. रिचर्ड निक्सन यांच्या काळातले मात्र बरेचसे बाहेर आलेत: टेपा, फोनवरच्या बोलण्याची टिपणं, बैठकांच्या नोंदी. ते जमेल तसे वाचत आलोय, आणि खरं सांगायचं तर 'यंत्रणा' या शब्दावरचा माझा विश्वास त्यातून कमीच झाला.

१९७३ चा ऑक्टोबर महिना घ्या. ६ तारखेला इजिप्त आणि सीरियाने इस्रायलवर हल्ला केला. १० तारखेला उपाध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू यांना करचुकवेगिरीच्या प्रकरणात राजीनामा द्यावा लागला. १७ तारखेला अरब देशांनी तेलाचं उत्पादन कमी करायचं ठरवलं आणि पाठोपाठ अमेरिकेचा पुरवठाच तोडला. २० तारखेला, शनिवारी, वॉटरगेटचा (विरोधी पक्षाच्या कार्यालयातली घरफोडी आणि तिची लपवालपवी) तपास करणारे विशेष सरकारी वकील आर्चिबाल्ड कॉक्स यांना काढून टाका, असा हुकूम निक्सन यांनी दिला. ॲटर्नी जनरल इलियट रिचर्डसन यांनी हुकूम पाळण्याऐवजी राजीनामा दिला. त्यांच्या खालोखालचे विल्यम रकल्सहाउस यांनीही नकार दिला, तेही गेले. शेवटी तिसऱ्या क्रमांकाच्या रॉबर्ट बोर्क यांनी कॉक्सना काढलं.

नेमक्या त्याच शनिवारी परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर युद्धबंदीची बोलणी करायला मॉस्कोला पोहोचले होते. निक्सन यांनी सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह यांना परस्पर कळवून टाकलं होतं की किसिंजरना सगळे अधिकार दिलेले आहेत. किसिंजर त्यावर वैतागले. वाटाघाटीत 'वॉशिंग्टनला विचारून सांगतो' एवढं म्हणायची सोय हवी असते, तीच गेली.

आता २४ तारखेची रात्र. युद्धबंदी कागदावर झालेली, पण इजिप्तचं थर्ड आर्मी इस्रायलने वेढलेलं. ब्रेझनेव्ह यांचं पत्र आलं: आपण दोघे मिळून तिथे फौजा पाठवू, आणि तुम्ही येणार नसाल तर आम्हाला एकट्याने पावलं उचलण्याचा विचार करावा लागेल. किसिंजरनी व्हाइट हाउसचे चीफ ऑफ स्टाफ अलेक्झांडर हेग यांना विचारलं, राष्ट्राध्यक्षांना उठवायचं का? हेग म्हणाले, नाही.

रात्री साडेदहानंतर सिच्युएशन रूममध्ये बैठक बसली. किसिंजर, हेग, संरक्षणमंत्री जेम्स श्लेसिंजर, सीआयएचे विल्यम कोल्बी, सेनाप्रमुखांच्या मंडळाचे अध्यक्ष ॲडमिरल थॉमस मूरर, आणि किसिंजर यांचे सहायक ब्रेंट स्कोक्रॉफ्ट. मध्यरात्रीच्या थोडं आधी जगभरच्या अमेरिकी फौजांची सज्जता डेफकॉन ३ वर (युद्धसज्जतेच्या पाच पायऱ्यांपैकी मधली) गेली. ८२ व्या एअरबोर्न डिव्हिजनला तयार राहायला सांगितलं, ग्वाम बेटावरची बी-५२ विमानं मायदेशी बोलावली. ब्रेझनेव्हना उत्तर गेलं ते निक्सन यांच्या नावाने. निक्सन वर, राहत्या मजल्यावर. आपल्या संमतीनेच हे झालं, असं त्यांनी पुढे सांगितलं. बैठकीत मात्र ते नव्हते.

इथे कायद्याची एक गंमत आहे. 'गंमत' हा शब्द बरोबर नाही, पण असो. १९४७ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचे तेव्हा कायद्याने सदस्य चार: राष्ट्राध्यक्ष, उपाध्यक्ष, परराष्ट्रमंत्री, संरक्षणमंत्री. राष्ट्राध्यक्ष बैठकीत नाहीत. उपाध्यक्ष अस्तित्वातच नाहीत, कारण जेरल्ड फोर्ड यांचं नाव आलं असलं तरी मंजुरी मिळायला ६ डिसेंबर उजाडायचा होता. म्हणजे राहिले दोन. त्यातले किसिंजर परराष्ट्रमंत्री आणि राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार अशा दोन्ही खुर्च्यांवर. परराष्ट्र खात्याचं म्हणणं सल्लागाराने पारखून घ्यायचं असतं. इथे पारखणारा आणि पारखून घेणारा एकच. (ही जोड-खुर्ची त्यांच्यानंतर थेट मे २०२५ मध्ये मार्को रुबियो यांच्याकडे आली, म्हणून विषय जुना झालेला नाही.)

निक्सन यांना का उठवलं नाही? ११ ऑक्टोबरच्या एका संभाषणाची नोंद २००४ मध्ये खुली झाली. ब्रिटिश पंतप्रधान एडवर्ड हीथ यांना निक्सन यांच्याशी बोलायचं होतं. किसिंजर स्कोक्रॉफ्टना म्हणाले, नको, मी बोललो तेव्हा राष्ट्राध्यक्ष प्यालेले होते. युद्धाचा सहावा दिवस होता तो.

दुसऱ्या दिवशी पत्रकारांनी किसिंजरना तोंडावरच विचारलं, ही सज्जता रशियासाठी की वॉटरगेटवरून लक्ष उडवायला? किसिंजर चिडले. मला त्यांचं चिडणं खोटं वाटत नाही. पण शनिवारी असला हुकूम काढणाऱ्या माणसाच्या सरकारने बुधवारी रात्री अण्वस्त्रं सज्ज केली, तर लोकांनी विश्वास तरी कशावर ठेवायचा? अस्थिर अध्यक्षाची खरी किंमत मला इथे दिसते. निर्णय बरोबर असला तरी तो कोणाला खरा वाटत नाही, ना घरात ना बाहेर. नाटोतल्या मित्रदेशांनाही आधी विचारलं नव्हतं, ते वेगळेच रागावले.

रशियाने माघार घेतली, मोठ्या देशांना वगळून संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना गेली, वेळ टळली. यावरून 'बघा, यंत्रणेने सांभाळलं' असं म्हणणारे आहेत. माझं म्हणणं असं की त्या रात्री सांभाळलं ते सहा-सात माणसांनी, ज्यांच्यापैकी एकालाही जनतेने निवडून दिलेलं नव्हतं.

आणि ही सवय ऑक्टोबरात लागली नव्हती. आपल्याला जवळचं उदाहरण देतो. डिसेंबर १९७१ मध्ये सातवं आरमार बंगालच्या उपसागराकडे निघालं, ही आठवण आपल्याकडे घरोघरी आहे. त्याच महिन्यात पत्रकार जॅक अँडरसन यांनी किसिंजर यांच्या बैठकांची टिपणं छापली: भारताबद्दल आपण पुरेसे कडक नाही म्हणून राष्ट्राध्यक्ष दर अर्ध्या तासाला मला फैलावर घेतायत, त्यांना पाकिस्तानकडे झुकायचंय. ती टिपणं फोडली कोणी, याचा शोध घेताना भलतंच सापडलं. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या कार्यालयात नेमलेला नौदलाचा एक कारकून वर्षभराहून अधिक काळ किसिंजर यांच्या कागदांच्या नकला करून ॲडमिरल लोकांना पोचवत होता. परदेश दौऱ्यात तर किसिंजर यांच्या बॅगेतूनही. का? कारण निक्सन आणि किसिंजर सगळं धोरण दोघांतच ठरवायचे, सेनाप्रमुखांना सुगावा लागू द्यायचे नाहीत. मग सेनाप्रमुखांनी स्वतःच्याच राष्ट्राध्यक्षावर पाळत ठेवली!

निक्सन यांनी प्रकरण दाबलं. मूरर यांना १९७२ मध्ये त्याच पदावर पुन्हा नेमलं. उलट ढाक्यातले अमेरिकी वाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी एप्रिल १९७१ मध्ये रीतसर, सहकाऱ्यांच्या सह्यांनिशी, तार पाठवून पूर्व पाकिस्तानातल्या कत्तलीबद्दल आपल्याच सरकारच्या मौनाचा निषेध केला होता. त्यांना तिथून हलवलं आणि त्यांची कारकीर्द बसली ती बसलीच. चोरून कागद मिळवणारे पदावर, उघड लिहिणारा बाहेर. यंत्रणेतल्या माणसांनी यातून काय शिकायचं ते शिकलं.

म्हणून ऑगस्ट १९७४ मधलं श्लेसिंजर यांचं प्रकरण मला नवलाचं वाटत नाही. निक्सन यांचे पदावरचे अखेरचे दिवस. संरक्षणमंत्र्यांनी सेनाधिकाऱ्यांना सांगून ठेवलं की व्हाइट हाउसमधून थेट काही विलक्षण हुकूम आला तर आधी मला विचारा. निक्सन गेल्यावर काही दिवसांतच ही गोष्ट छापून आली. लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. मीही वाचताना टाकला होता. पण अण्वस्त्रांच्या बाबतीत अमेरिकेत अखेरचा शब्द एकट्या राष्ट्राध्यक्षाचा असतो, त्यावर कोणाचा नकाराधिकार नाही. श्लेसिंजर निदान हुकमाच्या साखळीत तरी होते. ८ जानेवारी २०२१ ला, ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीच्या अखेरीस, सेनाप्रमुखांच्या मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष जनरल मार्क मिली यांनी अधिकाऱ्यांना बोलावून ठरलेल्या पद्धतीची आठवण करून दिली, ते तर त्या साखळीतही नव्हते. त्या पदाचं काम सल्ला देण्याचं. पुढे सिनेटपुढे त्यांनी हे स्वतःच मान्य केलं. आज आपल्याला न आवडणाऱ्या अध्यक्षाला असं अडवलं की बरं वाटतं. उद्या आवडणाऱ्याला अडवलं तर?

मग कायद्याने चालणारं काहीच नव्हतं का? होतं, पण ते हळू चालतं आणि दिसायला रुक्ष असतं. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, पैसे तोडले, म्हणून १५ ऑगस्ट १९७३ ला कंबोडियावरची बॉम्बफेक थांबली. ७ नोव्हेंबरला, निक्सन यांचा नकाराधिकार दोन-तृतीयांश मतांनी झुगारून, युद्धाधिकारांचा ठराव कायदा झाला: फौजा पाठवल्या तर ४८ तासांत कळवा, संमती नसेल तर ६० दिवसांत, फार तर आणखी ३० दिवसांत, परत आणा. पुढच्या अध्यक्षांनी याला भरपूर बगल दिली, आणि २०१९ मध्ये येमेनबाबतचा ठराव डोनाल्ड ट्रम्प यांनी नकाराधिकाराने अडवला तेव्हा काँग्रेसला तो झुगारता आला नाही. २४ जुलै १९७४ ला सर्वोच्च न्यायालयाने ८-० ने निक्सन यांना स्वतःच्या संभाषणांच्या टेपा द्यायला लावल्या. मग महाभियोगाची तीन कलमं समितीत मंजूर झाली. कंबोडियावरच्या चोरट्या बॉम्बफेकीचं कलम मात्र १२ विरुद्ध २६ मतांनी पडलं. घरातल्या चोरीसाठी अध्यक्ष गेला, परक्या देशावर गुपचूप बॉम्ब टाकल्याबद्दल नाही. हे मला अजून खुपतं.

तुम्ही ओझरतं विचारलंय, शेवटी सत्ता हातातून जाते कशी. ९ ऑगस्टला सकाळी ११.३५ ला एका वाक्याचं राजीनामापत्र किसिंजर यांच्या हाती पडलं, कारण कायद्याने ते परराष्ट्रमंत्र्याकडेच द्यायचं असतं. निक्सन तोवर कॅलिफोर्नियाच्या वाटेवर, विमानात. दुपारी बाराच्या सुमारास वॉशिंग्टनमध्ये फोर्ड यांनी शपथ घेतली, तेव्हा विमान मिसूरीवर होतं. वैमानिकाने नियंत्रण कक्षाला रेडिओवरून विमानाचं नाव बदलून मागितलं. तोवर ते 'एअर फोर्स वन' (राष्ट्राध्यक्ष आत असतानाच वापरायचं नाव) होतं, तिथून पुढे 'सॅम २७०००'.